वाचकांचे प्रश्न : इंग्रजी अनेकवचनांचे अवघड शेवट

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. 'डेस्क', 'टेस्ट', 'मंथ', 'सिक्स्थ' असे शब्द एकवचनात निभावून नेता येतात. पण त्यांना अनेकवचनाचा 'एस' लागला की शब्दाच्या टोकाला तीन-तीन, चार-चार व्यंजने एकापुढे एक येतात आणि जीभ अडखळते. म्हणून हे सदर या अंकात केवळ त्याच प्रश्नांसाठी ठेवले आहे. उत्तरे वाचताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. इंग्रजी उच्चार दाखवताना 'झ' हे अक्षर 'पिझ्झा', 'झेरॉक्स' या शब्दांत आपण जो ध्वनी काढतो त्यासाठी वापरले आहे. तसेच इंग्रजी शब्दांतील 'थ' म्हणजे आपल्या 'थाळी'तला थ नव्हे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला हलकेच टेकवून मधल्या फटीतून हवा घासत सोडली की होणारा तो ध्वनी आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. 'डेस्क्स', 'टेस्ट्स' हे शब्द म्हणवून घेताना काही मुले 'डेस्कस', 'टेस्टस' असे म्हणतात, तर काही मुले 'डेस्क'वरच थांबतात. हीच मुले 'स्त्री', 'राष्ट्र', 'ज्योत्स्ना' हे शब्द बिनचूक म्हणतात. मग ती येथेच का अडतात आणि त्यांना हे शिकवावे कसे?

उत्तर : मुले 'ज्योत्स्ना' सहज म्हणतात हे आपण नेमके टिपले आहे आणि अडचणीचे मूळही तेथेच सापडते. 'ज्योत्स्ना'मध्ये त्, स् आणि न् ही तीन व्यंजने सलग येतात, पण त्यांच्या पाठोपाठ 'आ' हा स्वर येतो. 'कार्त्स्न्य' या शब्दात तर पाच व्यंजने एकत्र आहेत, तरी शेवटी 'अ' आहेच. मराठीतील जोडाक्षर कितीही अवघड असले तरी त्याला टेकायला पुढे स्वर मिळतो. इंग्रजी 'डेस्क्स'मध्ये स्, क् आणि स् यांच्या पुढे काहीही नाही. आपल्या मुलांना व्यंजने जोडणे कठीण जात नाही; जोडलेली व्यंजने स्वराशिवाय संपवणे कठीण जाते.

याला मराठी उच्चाराची आणखी एक सवय कारणीभूत आहे. 'घर', 'पाट', 'फूल' या शब्दांच्या शेवटचा 'अ' आपण लिहितो, पण उच्चारत नाही. 'कष्ट', 'शब्द', 'मित्र', 'गोष्ट' या शब्दांत मात्र शेवटी जोडाक्षर असल्यामुळे तो 'अ' आखूड का होईना, पण राहतो. आपण 'गोष्ट' हा शब्द सावकाश म्हणून पाहावा; 'ट'नंतर तोंड किंचित उघडल्याचे जाणवेल. तीच सवय 'टेस्ट' आणि 'डेस्क' या शब्दांनाही लागते, आणि त्या आखूड 'अ'ला 'स' जोडला की 'टेस्टस' तयार होतो. मुलाने कोणताही निष्काळजीपणा केलेला नसतो. त्याने आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो, हे शिक्षकाने आधी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. 'बँक', 'टेंट', 'स्टँप' या शब्दांत अडचण कमी येते, कारण 'संत', 'वसंत', 'पंख' अशा अनुनासिकानंतरच्या व्यंजनावर थांबण्याची आपल्याला सवय असते.

मुलाच्या 'डेस्कस'ला एक प्रकारचा ऐतिहासिक आधारही आहे. जुन्या इंग्रजीत पुल्लिंगी नामांच्या एका मोठ्या गटाचे अनेकवचन शेवटी 'अस' लावून होत असे. पुढे मध्य इंग्रजीत त्याचे 'एस' झाले, तरी त्यातला स्वर उच्चारला जाई. चौदाव्या शतकानंतर हा स्वर हळूहळू गळत गेला आणि पूर्वी स्वराने वेगळी राखलेली व्यंजने एकमेकांना येऊन भिडली. आज हा स्वर फक्त 'बसिझ', 'मॅचिझ', 'डिशिझ' अशा शब्दांत उरला आहे, कारण स, झ, श, च, ज या ध्वनींनंतर लगेच दुसरा 'स' किंवा 'झ' स्वराशिवाय नीट ऐकू येत नाही. म्हणूनच 'बसेस', 'क्लासेस' ही रूपे मराठीत सहज रुळली आणि 'डेस्क्स' मात्र कधीच रुळला नाही.

आता शिकवण्याकडे वळू. 'स्क्स' हे नवे जोडाक्षर आहे असे मुलांना सांगू नये. 'बॉक्स', 'टॅक्स' या शब्दांतला 'क्स' त्यांना येतच असतो. फळ्यावर 'डेस' आणि 'क्स' असे दोन तुकडे लिहावेत, पहिल्या तुकड्यातला 'स' जरा लांबवायला सांगावा आणि श्वास न तोडता 'क्स' जोडायला लावावा. 'वॉस्प्स' म्हणजे गांधीलमाश्या. तेथे 'वॉस'ला 'चिप्स'मधला 'प्स' जोडावा. 'टेस्ट्स'साठी तर मराठीने आपल्याला एक फार मोलाची गोष्ट दिलेली आहे. 'पाच', 'काच', 'नाच', 'टाच' या शब्दांच्या शेवटी आपण जो दन्त्य च उच्चारतो, तो त् आणि स् यांचाच एकजीव झालेला ध्वनी आहे. 'चिंता'तला च वेगळा आणि 'पाच'मधला च वेगळा, हे मराठी मूल कानानेच शिकते. हा ध्वनी हिंदीत नाही. 'कॅट्स', 'हॅट्स' यांचा शेवट 'काच'च्या शेवटासारखाच आहे, हे एकदा मुलांच्या लक्षात आले की 'टेस' म्हणून त्याला 'पाच'मधला च जोडणे ही पुढची लहानशी पायरी ठरते.

याशिवाय दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, शब्द शेवटाकडून बांधावा : आधी 'स', मग 'क्स', मग 'स्क्स', मग 'एस्क्स' आणि अखेरीस 'डेस्क्स'. प्रत्येक पायरी एकाच टाळीत बसली पाहिजे. दुसरी टाळी वाजवावीशी वाटली, तर मध्ये 'अ' शिरला असे समजावे. दुसरी, हे शब्द सुटे न म्हणवता स्वराने सुरू होणाऱ्या शब्दासह म्हणवावेत. 'द डेस्क्स आर न्यू' या वाक्यात शेवटचा 'स' पुढच्या 'आर'शी जाऊन मिळतो आणि उच्चार 'डेस्क-सार' असा होतो. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही वाक्यात असेच जोडून बोलतात. व्यंजनांना टेकायला स्वर मिळतो आणि मराठी जिभेची अर्धी अडचण तेथेच दूर होते. सुरुवात अशा वाक्यांपासून करून सुटा शब्द सर्वांत शेवटी घ्यावा, असे मी सुचवेन. महाराष्ट्रातील सर्व शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. ज्या वयात कान सर्वाधिक तयार असतो त्या वयातच हा सराव झाला, तर पुढे वेगळे कष्ट पडत नाहीत.

जी मुले 'डेस्क'वरच थांबतात त्यांच्याकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. मराठीत आपण 'तीन टेस्ट झाल्या' असे म्हणतो; अनेकवचन 'तीन'वरून आणि 'झाल्या'वरून कळते. इंग्रजीत बहुतेक वेळा ते ओझे त्या एका 'स'वरच असते. 'आय पास्ड द टेस्ट' आणि 'आय पास्ड द टेस्ट्स' यांत दुसरी कोणतीही खूण नाही. म्हणून 'टेस्टस' ही उच्चाराची चूक आहे, पण 'टेस्ट'वर थांबल्याने अर्थच बदलतो.

प्रश्न : पुण्यातील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत मी काम करतो. आमच्या प्रशिक्षणात 'कॉन्ट्रॅक्ट्स', 'रिक्वेस्ट्स', 'टेक्स्ट्स' या शब्दांतील प्रत्येक व्यंजन स्पष्ट उच्चारण्याचा आग्रह धरला जातो. मात्र अमेरिकेतील सहकारी स्पष्टपणे 'कॉन्ट्रॅक्स' म्हणताना ऐकू येतात. हा त्यांचा आळस समजावा की आमच्या प्रशिक्षणाची चूक?

उत्तर : आपले कान बरोबर आहेत आणि सहकाऱ्यांचा आळसही नाही. दोन व्यंजनांच्या मध्ये सापडलेला 'ट' किंवा 'ड' सहज बोलण्यात गाळणे हा इंग्रजीचा जुना आणि नियमित व्यवहार आहे. 'फॅक्ट्स'चे 'फॅक्स', 'प्रॉडक्ट्स'चे 'प्रॉडक्स', 'स्क्रिप्ट्स'चे 'स्क्रिप्स', 'गिफ्ट्स'चे 'गिफ्स', 'फ्रेंड्झ'चे 'फ्रेन्झ' आणि 'फील्ड्झ'चे 'फील्झ' असे उच्चार लंडनमध्येही ऐकू येतात आणि न्यूयॉर्कमध्येही. सुशिक्षित माणसे, वृत्तनिवेदक, प्राध्यापक, सगळेच असे बोलतात. बोलणे सावकाश आणि औपचारिक असेल तर 'ट' परत येतो, भरभर असेल तर जातो.

संस्कृत व्याकरणाशी परिचय असलेल्या वाचकांना येथे पाणिनीचे 'संयोगान्तस्य लोपः' हे सूत्र आठवेल. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायातील दुसऱ्या पादात ते आहे. पदाच्या शेवटी संयुक्त व्यंजन आले तर त्यातील अखेरचे व्यंजन लोप पावते, असा त्याचा आशय असून काही अपवाद सोडता संस्कृत पद जोडाक्षरावर संपतच नाही. शेवटी साचलेली व्यंजने कमी करण्याची गरज दोन्ही भाषांना भासली. पण संस्कृतने शेवटचे व्यंजन सोडले आणि इंग्रजीने शेवटचे राखून मधले सोडले. असे का झाले असावे याचा विचार केला की इंग्रजी उच्चाराचे मर्म हाती लागते. इंग्रजीत शेवटचा 'स' किंवा 'झ' हा केवळ ध्वनी नसून प्रत्यय आहे, त्याला अर्थ आहे. मधला 'ट' गेला तरी ऐकणाऱ्याला शब्द ओळखता येतो. प्रत्यय गेला तर अनेकवचन जाते.

आपल्यासाठी व्यवहारातला नियम यावरूनच ठरतो. शेवटचा 'स' किंवा 'झ' कधीही सोडू नये, मध्ये स्वर कधीही घालू नये, आणि मधला 'ट' किंवा 'ड' जड वाटला तर तो निःशंकपणे जाऊ द्यावा. 'रिक्वेस्टस' असा तीन अवयवांचा, म्हणजे तीन टाळ्यांचा, उच्चार करण्यापेक्षा 'रिक्वेस्स' असा शेवटचा 'स' लांबवलेला उच्चार इंग्रजी कानाला कितीतरी अधिक ओळखीचा वाटतो. येथे लांबवणे महत्त्वाचे आहे. 'ट' गेला तरी त्याची जागा दोन्ही 'स' मिळून भरून काढतात. 'लिस्ट्स'मधला 'स' एकेरीच ठेवला तर शब्द तुटका ऐकू येतो. 'टेक्स्ट्स'चे असेच 'टेक्स्स' होते. शेवटी चार व्यंजने असलेल्या या शब्दातील 'ट' पूर्णपणे उच्चारणारा इंग्रज भाषक रोजच्या संभाषणात क्वचितच भेटेल.

हा लोप सगळीकडेच होतो असे नाही, हेही सांगायला हवे. 'टेंट्स', 'बेल्ट्स' अशा शब्दांत न् किंवा ल् यांच्यानंतरचा 'ट' जात नाही. उलट न् आणि स् यांच्या मध्ये नसलेला 'ट' आपोआप उमटतो. त्यामुळे राजपुत्र या अर्थाचा 'प्रिन्स' आणि छापील प्रती या अर्थाचा 'प्रिंट्स' हे शब्द अनेक इंग्रज भाषकांच्या तोंडी सारखेच ऐकू येतात. 'डेस्क्स'मधला 'क' किंवा 'वॉस्प्स'मधला 'प' घाईच्या बोलण्यात पुसट होतो, पण 'ट'इतक्या सहज जात नाही. तो हलका का होईना, उच्चारावा. आफ्रिकी-अमेरिकी समाजाच्या इंग्रजीत एक निराळीच वाट दिसते. तेथे काही भाषक एकवचनातच 'डेस' आणि 'टेस' म्हणतात आणि त्यांची अनेकवचने 'डेसिझ', 'टेसिझ' अशी करतात. शब्द 'स'वर संपला की 'इझ' लावायचे, हा 'बसिझ'चाच नियम त्यांनी काटेकोरपणे पाळलेला असतो.

आपल्या प्रशिक्षणाला मी सर्वस्वी चूक म्हणणार नाही. दूरध्वनीवर आवाज तुटत असताना 'फॅक्ट्स' आणि 'फॅक्स' यांतला फरक आवश्यक असू शकतो, आणि तेव्हा 'ट' स्पष्ट उच्चारणेच योग्य. पण प्रत्येक व्यंजनावर सारखाच जोर देण्याच्या आग्रहातून बहुधा स्वरच शिरतो आणि 'कॉन्ट्रॅक्टस' तयार होतो. 'कॉन्ट्रॅक्ट्स'च्या पहिल्या अवयवावरचा आघात नीट पडणे हे शेवटच्या 'ट'पेक्षा शतपटीने महत्त्वाचे आहे. प्रशिक्षणाचा वेळ तेथे खर्च व्हावा.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला आले असताना माझा सहा वर्षांचा नातू मला सारखा दुरुस्त करतो. मी 'क्लोद्स' म्हटले की तो म्हणतो, "आजी, क्लोझ!" आम्हाला शाळेत शिकवलेला 'थ' गेला कुठे? नातवाचे बरोबर मानायचे का?

उत्तर : नातवाचे बरोबर आहे, आणि सावकाश 'क्लोद्झ' म्हणणाऱ्याचेही बरोबर आहे. इंग्रजी उच्चारकोश दोन्ही उच्चार नोंदवतात. दार बंद करणे या अर्थाचे 'क्लोझ' हे क्रियापद जसे उच्चारतात, अगदी तसाच हा दुसरा उच्चार आहे. तो आजकालच्या अमेरिकी मुलांनी काढलेला नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये वेड लागलेली ऑफेलिया जे गाणे म्हणते, त्यात उठला या अर्थाच्या 'रोझ'शी याच शब्दाचे यमक जुळवलेले आहे. हे नाटक १६००च्या सुमाराचे आहे. म्हणजे आपल्या नातवाच्या उच्चाराला चारशे वर्षांचा आधार आहे.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी. शेवटचा ध्वनी 'स' नसून 'झ' आहे. 'क्लोस' म्हटले तर जवळ या अर्थाचा शब्द होतो. दुसरे म्हणजे कापडाचे तुकडे या अर्थाचा 'क्लॉथ्स' हा शब्द वेगळा आहे. त्यातला स्वर आखूड 'ऑ' आहे आणि शेवटी खराच 'थ्स' आहे. भांडी पुसण्याची फडकी ती 'क्लॉथ्स' आणि अंगावरचे कपडे ते 'क्लोझ' किंवा 'क्लोद्झ'. आपल्याकडे कपड्यांना सर्रास 'क्लॉथ्स' म्हटले जाते, ती चूक 'द' गाळण्यापेक्षा मोठी आहे.

प्रश्न : मी सेमी-इंग्रजी वर्गाला गणित शिकवतो. अपूर्णांक वाचताना 'थ्री फिफ्थ्स', 'फाइव्ह सिक्स्थ्स', 'सेव्हन ट्वेल्फ्थ्स' यांची मला धास्ती वाटते. 'मंथ्स' या शब्दाचीही तीच गत आहे. सोपा उपाय आहे का?

उत्तर : आपण इंग्रजीतील सर्वांत अवघड शेवटांचाच उल्लेख केला आहे. 'सिक्स्थ्स'मध्ये क्, स्, थ्, स् आणि 'ट्वेल्फ्थ्स'मध्ये ल्, फ्, थ्, स् अशी चार-चार व्यंजने शेवटी येतात. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी याहून अधिक व्यंजने येत नाहीत. 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये तर सुरुवातीला तीन आणि शेवटी तीन किंवा चार व्यंजने असून त्या सगळ्यांच्या मध्ये एकच स्वर आहे.

सोप्यापासून सुरुवात करू. 'मंथ्स'चा उच्चार आपण समजता तितका बिघडलेला नसतो. आपण मराठी माणसे इंग्रजी 'थ'च्या जागी 'थाळी'तला थ घालतो. तो 'स'ला भिडला की त्यातला महाप्राण, म्हणजे 'ह'सारखा हवेचा झोत, नाहीसा होतो आणि 'त्स', म्हणजे पुन्हा 'पाच'मधला दन्त्य च उरतो. इकडे इंग्रज भाषकही घाईने बोलताना न् आणि स् यांच्या मधल्या 'थ'च्या जागी 'ट' आणून 'मन्ट्स' म्हणतात. दोघे वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणून 'मन' म्हणून त्याला 'पाच'चा शेवट जोडावा. त्या उच्चारावर कोणी बोट ठेवणार नाही. पहिला स्वर मात्र 'मन'मधल्यासारखाच असावा, 'मॉन' नको.

ज्यांना खरा 'थ्स' साधायचा असेल त्यांनी हवेचा प्रवाह न थांबवता फक्त जीभ हलवायची आहे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला टेकवून हवा सोडत राहावी आणि ती चालू असतानाच टोक आत, दातांच्या मागच्या उंचवट्याकडे ओढून घ्यावे. जीभ आत जाताच 'थ'चा 'स' झालेला ऐकू येतो. 'डेथ्स', 'मिथ्स' अशा शब्दांवर, जेथे 'थ'च्या आधी स्वरच आहे, आधी हात बसवावा. 'डेप्थ्स' आणि 'लेंग्थ्स' त्यानंतर घ्यावेत. 'लेंग्थ्स'मध्ये 'ग' उच्चारला जात नाही, 'लेङ्क्थ्स' असा उच्चार होतो, एवढे ध्यानात ठेवले तरी तो शब्द बराच हलका होतो.

अपूर्णांकांच्या बाबतीत इंग्रज भाषकही सवलत घेतात. 'फिफ्थ्स'मधला एखादा ध्वनी जाऊन 'फिफ्स' किंवा 'फिथ्स' होतो, 'ट्वेल्फ्थ्स'मधला 'फ' जाऊन 'ट्वेल्थ्स' होतो, 'सिक्स्थ्स'चे तर 'सिक्स्स' होऊन जाते. पाचव्या-सहाव्यामधला 'थ' मुळातला नाहीच. जुन्या इंग्रजीत हे शब्द 'फिफ्टा', 'सिक्स्टा' असे होते. 'फोर्थ' वगैरेंच्या प्रभावाने त्यांत नंतर 'थ' आला. १६२३ साली शेक्सपिअरच्या नाटकांची जी पहिली मोठी एकत्रित आवृत्ती निघाली, तिच्यात पाचव्या हेन्रीच्या नाटकाच्या शीर्षकात 'फिफ्ट' असेच छापलेले आहे.

असे असले तरी गणिताच्या वर्गात 'सिक्स्स' म्हणणे मी सुचवणार नाही. तेथे 'सिक्स' आणि 'सिक्स्थ्स' यांतला फरक म्हणजे पूर्णांक आणि अपूर्णांक यांतला फरक आहे, आणि नवख्या विद्यार्थ्याला संदर्भावरून तो भरून काढता येत नाही. आपण 'सिक्स' म्हणून क्षणभर थांबावे आणि 'थ्स' स्वतंत्रपणे जोडावे. हा थांबा ऐकणाऱ्याला खटकत नाही. त्याहून सोपा मार्ग म्हणजे 'फाइव्ह ओव्हर सिक्स', 'सेव्हन अपॉन ट्वेल्व्ह' असे वाचणे. आपल्याकडच्या वर्गांत 'अपॉन' रूढ आहेच आणि बीजगणितातील अपूर्णांक तर सगळीकडे 'ओव्हर' म्हणूनच वाचले जातात. फळ्यावर अपूर्णांक लिहिलेला असताना त्याचा उच्चार करण्याची दोन्ही रूपे मुलांच्या कानांवर पडावीत, एवढे पुरे.

प्रश्न : 'पाथ', 'माउथ' यांची अनेकवचने 'पाथ्स' की 'पाद्झ'? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : ब्रिटिश उच्चारात 'पाद्झ' आणि 'माउद्झ'. 'बाथ'चेही तेथे 'बाद्झ' होते. दीर्घ किंवा संयुक्त स्वरानंतरचा 'थ' काही शब्दांत अनेकवचनी घोष होतो, म्हणजे गळ्यातल्या कंपनासह उच्चारला जातो, आणि मग 'स'चाही 'झ' होतो. 'यूथ' आणि 'ट्रूथ' यांच्या बाबतीत दोन्ही उच्चार चालतात. आखूड स्वरानंतर किंवा व्यंजनानंतर मात्र 'थ' तसाच राहतो : 'डेथ्स', 'मिथ्स', 'मंथ्स', 'बर्थ्स'. 'नाइफ'चे 'नाइव्ह्झ' आणि 'हाउस'चे 'हाउझिझ' होते तेही याच जातीचे बदल आहेत; 'नाइफ'मध्ये बदल स्पेलिंगमध्ये दिसतो, 'पाथ' आणि 'हाउस'मध्ये दिसत नाही, इतकाच फरक. 'मासा'चे 'माशाला' आणि 'पैसा'चे 'पैशाला' करताना आपणही मूळ शब्दातला ध्वनी बदलतोच, त्यामुळे ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटायला नको.

प्रश्न : 'गर्ल्स हायस्कूल', 'फ्रेंड्स', 'ब्रदर्स' असे आपण पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांत लिहितो. खरा उच्चार 'झ'चा असेल तर देवनागरीत 'गर्ल्झ' असे का लिहू नये?

उत्तर : आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ही पाटी पुष्कळांच्या उच्चारावर परिणाम करते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एस' दिसतो, देवनागरीत आपण त्याचा 'स' करतो आणि मग तोच उच्चार पक्का होतो. प्रत्यक्षात प्रत्ययाचा उच्चार आधीच्या ध्वनीवर ठरतो. क, ट, प, फ, थ हे अघोष ध्वनी आधी असतील तर 'स'. इतर व्यंजने किंवा स्वर असतील तर 'झ'. गळ्यावर बोटे टेकवून 'बुक' आणि 'बॅग' म्हणून पाहावे. 'ग'च्या वेळी कंपन जाणवते. ते कंपन तसेच पुढे चालू ठेवले की 'बॅग्झ' आपोआप होते. 'बेड्झ'च्या शेवटासाठी 'लाज', 'आज' या शब्दांतला दन्त्य ज आपल्याकडे आहेच. 'कॅट्स'ला 'काच' आणि 'बेड्झ'ला 'लाज', अशी जोडी विद्यार्थ्यांना सांगितली तर ती त्यांच्या चटकन लक्षात राहते.

या 'झ'मुळे जोडाक्षरेही सोपी होतात, हे फारसे कोणी सांगत नाही. 'फ्रेंड्स' म्हणताना घोष 'ड'नंतर अघोष 'स' आणायला गळ्यातले कंपन मध्येच तोडावे लागते. 'फ्रेंड्झ'मध्ये ते सलग राहते आणि मध्ये 'अ' शिरायला जागा उरत नाही. अर्थाच्या दृष्टीनेही फरक पडतो. लेखण्या त्या 'पेन्झ' आणि ब्रिटनमधली नाणी ती 'पेन्स'. मराठी तोंडी दोन्ही एकच होतात. इंग्रज भाषकाचा शब्दाच्या शेवटचा 'झ' फार ठसठशीत नसतो, त्याआधीचा स्वर मात्र लांबतो. बर्फ या अर्थाचा 'आइस' तोकडा आणि डोळे या अर्थाचा 'आइझ' ऐसपैस असतो. 'झ' नीट साधत नसेल तर निदान आधीचा स्वर लांबवावा, निम्मे काम होते.

तरीही मराठी लेखनात 'गर्ल्झ' लिहावे असे मला वाटत नाही. संस्थांची रूढ नावे आहेत तशी राहावीत; त्यांचे लेखन बदलल्याने कोणाचा उच्चार सुधारणार नाही. शब्दकोश, पाठ्यपुस्तके आणि उच्चार शिकवणारी पुस्तके यांत मात्र 'झ'च छापला जावा, असा माझा आग्रह आहे, कारण तेथे विद्यार्थी देवनागरी अक्षरावर विश्वास टाकून उच्चार करतो. एरवीच्या मराठी मजकुरात हा प्रत्यय आणण्याचे कारणच नसते. बँकेच्या 'बँका', फाइलच्या 'फायली' आणि पेन्सिलच्या 'पेन्सिली' आपण केव्हाच केल्या. 'तीन टेस्ट' आणि 'चार डेस्क' हेही शुद्ध मराठीच आहे.